उलट छपाई

दोनशे नग मागवले होते. पाच वाटेतच भिजून कुबट झाले.
बाकीचे मी पाइनच्या सावलीत टपरीच्या दांडीवर टांगले,
लिंबू सरबत आणि उन्हाचं मलम यांच्या मधोमध.
प्रत्येकावर मिरामारे,
खडकावरचा पांढरा महाल,
वर निळं आभाळ, जरा जास्तच निळं.
चौदा युरो. दोन घेतले तर पंचवीस.

जर्मन घेऊन गेले, हंगेरीवाले घेऊन गेले,
उदिनेच्या एका बाईंनी तर घासाघीस करून सहा नेले.
जुलै सरेपर्यंत एकशे सत्तर महाल
बार्कोलाच्या तापलेल्या सिमेंटवर येऊन पडले.
त्यांच्यावर पोटं, पाठी, कलिंगडाच्या बिया,
बुरुजावर कुणाची तरी चप्पल.
आणि खरा महाल समोरच होता, किनाऱ्याच्या टोकाला,
तिथून कुठे जाणार?
मान वर करून एकानंही ताडून पाहिलं नाही.

मीही नाही. खोटं कशाला बोलू.

मग सहा नंबरच्या बसनं नीवेस आली.
एकतीस वर्षं तिनं त्या महालात खुर्चीवर काढली,
मखमलीच्या नव्हे, कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर.
काम एकच : हात लावू नका म्हणायचं,
चार भाषांत, आवाज न चढवता.

तिनं टॉवेलाला हात लावला.
"दुइलियो, समुद्र कुठल्या बाजूला आहे?"
मी म्हटलं, हा काय, समोर.
"टॉवेलात."
उजवीकडे.
"आणि तिकडे?"

मी तिकडे पाहिलं.
बासष्ट वर्षं पाहतोय. आई मला कडेवर घेऊन
इथंच पाय बुडवायची.
डावीकडे.

कारखान्यात कुणीतरी फोटो पालथा घातला असणार,
कुणीतरी, ज्याला समुद्र कुठूनही आला तरी सारखाच.
मी ओशाळलो, पैसे परत देतो म्हणालो,
तिनं अजून घेतलाही नव्हता टॉवेल.

"एका खिडकीत मी चोरून डबा खायची," ती म्हणाली,
"पाव, उकडलेलं अंडं. मीठ कागदाच्या पुडीत.
दहाच्या सुमाराला ऊन यायचं, ह्या गालावर."
तिनं गाल दाखवला. मग दुसरा.
"ह्या महालात ते इथं येईल."
आणि पाकीट उघडून चौदा युरो मोजून दिले,
शेवटचे साठ सेंट चिल्लर.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तिचा टॉवेल विटलेला.
एका रात्रीत? रंग इतका कच्चा?
धंद्याची काळजी, म्हणून जवळ गेलो.
नीवेस विणत बसली होती, भर ऑगस्टात लोकर,
आणि टॉवेल पालथा अंथरलेला :
मागचे धागे लांब, सैल, त्यांत शाई जेमतेम उतरलेली,
महाल धुक्यात असल्यासारखा,
खिडक्या तर शोधाव्याच लागत होत्या.
पण समुद्र डावीकडे.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"उलट टाका मागून पाहिला की सुलटच असतो.
हे तुझ्या आईला माहीत होतं."

तेवढ्यात एक पोरगं पाण्यातून धावत आलं,
निथळत, आइस्क्रीमच्या दिशेनं,
महालाच्या मधोमध दोन पाय उमटवून गेलं.
मला वाटलं, आता चार भाषा ऐकू येणार.
तिनं लोकरीचा गुंडा तेवढा उचलून घेतला.

उरलेले चोवीस मी त्याच संध्याकाळी पालथे टांगले.
लोक म्हणतात, विटलेला माल आहे, अर्ध्यात द्या.
नाही देत.