खापरी

कौलांचा कारखाना बंद पडला त्या साली
तुटक्या कौलांच्या ढिगात सापडली,
म्हणून खापरी.
रंगही तोच, भाजल्या मातीचा,
एका कानाची कड उडालेली.

सकाळी दार उघडलं की आधी हरळीकडे.
हुंगते, सोडते, पुढची हुंगते,
खानापूरच्या बाजारात भेंडी मोडून बघणाऱ्या बाईसारखी,
मग मान वाकडी करून, दाढेत धरून
कोवळी पाती तेवढी तोडते.

ओमाणा म्हणतो, पाऊस येणार.
गंगव्वा म्हणते, पोटात जंत.
जंताचं औषध दिलं. पाऊसही येऊन गेला.
खापरी गवत खातच राहिली.
कधी पिवळा फेस ओकते, त्यात दोन हिरव्या काड्या,
आणि लगेच शेपूट हलवत भाकरी मागते.
बहुतेकदा ओकतही नाही.
मीही जेवल्यावर बडीशेप चघळते,
मला कोण विचारतं, का म्हणून?

सात वर्षं घोर केला नाही.

मग एका गुरुवारी
ती हुंगायची थांबली.
फाटकाजवळच्या बांधावरचं गवत
ओरबाडलं, मातीसकट, न चावता,
कुणी पाठीस लागल्यासारखं.
चारदा ओकली. पाचव्यांदा नुसतं पाणी,
गुलाबी.
भाकरीकडे बघेना. पोटाला हात लावू देईना.
मी बांध पाहिला:
कडेचं गवत करपलेलं, सरळ रेघेत,
सुतळी धरून फवारल्यासारखं.

गंगव्वा मिठाचं पाणी घेऊन धावली.
ते तसंच राहिलं पायरीवर.
ओमाणाच्या टमटममध्ये गोणपाटावर खापरी,
माझ्या मांडीवर तिचं डोकं,
इतकं जड कधी नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यात पुढे एक रेडकू, दोन शेळ्या.
त्यांनी वाट दिली.
हिरेमठ डॉक्टरीणबाई हातमोजे चढवता चढवता विचारत होत्या,
यावागिंद? एष्टु सल? रक्त बंतेनु?
मी मराठीत बोटं मोजली.
त्यांनी ओठ उलटून हिरड्या बघितल्या. पांढऱ्या.
मिठाचं पाणी पाजलं नाही ना?
नाही, बाई.
छान केलंत.

सलाईनचे थेंब पडू लागले तेव्हा
शब्द शोधत शोधत म्हणाल्या,
"हुल्लु खाऊ दे, ताई. थोडं थोडं, रोजचं, तो रोग नाही.
सवय बदलली तर बघा.
ओकणं थांबेना, रक्त दिसलं, जेवण नको, उठेना,
तर सकाळची वाट बघायची नाही.
आणि फवारलं काय, ते नाव लिहून आणा."
नाव ओमाणाने आणलं, तळहातावर,
बॉलपेनने. घामाने अर्धं पुसलेलं.

तीन रात्री शिलाई मशीन उघडलं नाही.

आता दारात कौलांच्या तुकड्यांचा वाफा केलाय.
त्यात मी हरळी लावली.
गंगव्वा तिला करकी म्हणते.
पाणी जिला आठवेल ती घालते.

खापरी येते.
मी सुई तशीच धरून बसते.
हुंगते.
सोडते.
पुढची हुंगते.