कुत्र्याला सांगितलेलं

सासऱ्याने सुनेशी बोलायचं नाही.
लानोह असोत की आम्ही तेमियार, रीत एकच.
भाषाही तशा चुलतबहिणीच,
पण तेवढ्यावर सगळं कळत नाही.

मी नवी नवरी. मामंजी कुत्र्याला सांगायचे,
"आज रात्री नदी चढेल."
कुत्रा शेपूट हलवायचा.
मी कंदांची टोपली माळ्यावर चढवायची.

असं ऐकत ऐकतच लानोह शिकले:
वेताच्या जाती,
वाघाला ओढून आणणाऱ्या वासाचं नाव,
आणि कुत्र्याला पडलेल्या शिव्या,
ज्या बहुधा माझ्या स्वयंपाकाला होत्या.

थोरले दीर वारले. नवरा रबराच्या मळ्यावर गेला
तो मलयच बोलत परतला.
पोरं शाळेतून आणतील ती भाषा.
कान देऊन ऐकणारी मी एकटी,
आणि माझ्याशी तर बोलायचं नाही.

परवा कुत्रा मेला.
दिवसभर मामंजी गप्प.
संध्याकाळी चुलीवरचं काळं भांडं
मी त्यांच्या बाजूला सरकवलं
आणि पाठ फिरवून बसले.

बऱ्याच वेळाने ते भांड्याला म्हणाले,
"तुझ्यात पाणी कमी आहे."

मी उठले, ओतलं,
आणि भांड्यालाच विचारलं, लानोहमध्ये, पहिल्यांदाच,
"एवढं पुरे?"