शाळा सोडल्याचा दाखला

तान्हा पोळा झाल्यावरचा सोमवार.
सक्करदऱ्याच्या मनपा शाळेत
बागडे बाबू फॉर्म उलटा करून बघतात, पुन्हा सुलटा.
'आधीची शाळा' या रकान्यात काहीच नाही.
"टीसी कुठाय मॅडम?"
टीसी नाही. घरीच शिकत होती. चार वर्षं.
"शिकवायला कोण होतं?"
मी.
"मग तुम्हीच द्या ना दाखला,"
म्हणतात, आणि स्वतःच हसतात,
आणि 'वयानुसार वर्ग पाचवा' लिहून
शिक्का हाणतात इतक्या जोरात
की ऋजुता दचकते.
मग म्हणते, परत मारा ना.

आमचा वर्ग जेवणाच्या टेबलावर भरायचा,
कधीही भरायचा, कधीही सुटायचा.
अपूर्णांक संत्र्याच्या फोडींवर
(एकदा अकराच निघाल्या, त्या दिवशी गणित लांबलं),
बाष्पीभवन मे महिन्यात,
कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतता ओतता.
विचारायला हात वर करावा लागत नसे.
नापास नव्हतं कुणी.
मधली सुट्टीही नव्हती,
कशाच्या मधली?

मला वाटायचं, मी वाचवलंय हिला.
माझ्या पाठीवर अजून एक लाकडी पट्टी आहे,
सातवीतली,
सतराच्या पाढ्यात सतरा साती अडले होते.

एका संध्याकाळी गॅलरीत उभी राहून
खालून जाणारी सुटलेली शाळा बघत
ती म्हणाली, आई, हजेरी म्हणजे नेमकं काय करतात?
नाव घेतात, आपण म्हणायचं, हजर.
"आणि मी नसले, तर कुणाला कळतं?"
मला.
"तुला तर कळणारच," ती म्हणाली.

त्या 'तर'नं केलं सगळं.

पहिल्या दिवशी फाटकाशी उईके बाईंनी
तिचा हात धरला, माझ्याकडे न बघताच.
त्यांना एक्केचाळीस होती, ही बेचाळिसावी.
मी समोरच्या पानठेल्याच्या सावलीत
साडेअकरापर्यंत उभी.
ठेलेवाला म्हणाला, "जा ना ताई घरी.
पोट्टे कुठी पळून नाही जात,
फाटकाले कुलूप असते."
धीर आला की होता तोही गेला, सांगता येत नाही.

घरी आले. टेबल पुसलं.
चार वर्षांत पहिल्यांदा ते
नुसतं जेवायचं टेबल होतं.

आता पंधरा दिवस झालेत.
पोट्टे तिला घरकोंबडी म्हणाले. एक दिवस रडली.
दुसऱ्या दिवशी बाकावर उभी राहून
अशी आरवली म्हणे, की उईके बाईही हसल्या.
(आरवतो कोंबडा. पण ते मी सांगितलं नाही.)
शाळेची खिचडी तिला घरच्याहून आवडते.
शबनम डाव्या हातानं लिहिते,
म्हणून ही तिच्या उजवीकडे बसत नाही,
कोपर लागतं.
सतराचा पाढा अख्ख्या वर्गाला येत नाही,
त्यामुळे कुणालाच काही वाटत नाही.
आणि काल ताटावर बसता बसता,
"आई, आज भात काऊन नाही केला?"
काऊन.
माझ्या अभ्यासक्रमात नव्हता हा शब्द.
माझ्या माहेरी होता.
मीच घासून काढला होता जिभेवरून.

बाबूंची गंमत मनातून जात नाही.
तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर
रेघा मारून लिहायला घेतलं:
वर्तणूक: चांगली.
हे खोडलं. आपल्याच पोरीबद्दल असं कोरडं काय लिहायचं.
सोडण्याचं कारण:
इथं पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा एक ठिपका झाला, मोठा होत गेला.
तोच राहू दिला.

आज रात्री जेवता जेवता
तिनं अचानक करंगळी वर केली.
मला आधी कळेना. मग हसू आलं.
अगं, घर आहे हे, म्हणणार होते.
ती बघत होती माझ्याकडे, पाय आवळून,
अगदी शिस्तीत,
मी 'जा' म्हणायची वाट बघत.

म्हटलं, जा.