चार मिनिटं वीस सेकंद

छावणीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याची गच्ची,
मे महिना, सकाळचे अकरा.
मी थाळी सरकवते बोटभर पूर्वेकडे,
खाली जिन्याच्या पोटातून इरफान ओरडतो,
"बासष्ट, दीदी! … छप्पन. गया."
छत्तीस हजार किलोमीटरवरचं ते काहीतरी
अर्ध्या बोटानं रुसतं.
नट आवळताना पाना निसटला, अंगठ्याची साल गेली,
आणि तेवढ्यात तो म्हणाला, "एकाहत्तर. अब हाथ मत लगाना."

जिन्याखाली पूर्वी फिनेलचे डबे असायचे.
आता तिथे एक काळी पेटी, आत चार ट्यूनर,
आणि जुन्या गिरणीसारखा घरघरणारा पंखा.
आकाशातून उतरलेलं सगळं इथे चिरलं जातं,
एकशे अठ्ठ्याऐंशी बाइटांचे तुकडे,
प्रत्येकाच्या कपाळावर तीच खूण, सत्तेचाळीस.
सात तुकड्यांची मोळी बांधायची
आणि तारेत ढकलायची.
काही तुकडे रिकामेच असतात,
चाल मोडू नये म्हणून नुसते चालणारे.
मला ते आवडतात. का ते विचारू नका.

पहिल्या दिवशी सगळं सगळीकडे गेलं.
सोळा चॅनेल, मागणाऱ्याच्या तारेत
आणि न मागणाऱ्याच्याही.
पावतीच्या खिडकीत पुष्पा किबेंचा प्रिंटर
अर्ध्या नावावर अडकला, "श्रीमती कम",
आणि रांग दारापर्यंत.
"घाला तो टीव्ही चुलीत," त्या म्हणाल्या,
आणि बरोबरच म्हणाल्या.
रात्री बसून स्विचला शिकवलं: कान दे.
ज्यानं हात वर केला
त्याच्याच पानात वाढ.

मग नवीनच.
चित्र लागायचं, लख्ख,
आणि चार मिनिटं वीस सेकंदांनी गोठायचं,
बातम्या देणारीचं तोंड अर्धवट उघडं.
केबल बदलली.
जेल रोडवरून दुसरा स्विच आणला.
चार मिनिटं वीस सेकंद.
इरफान म्हणाला, "इसको नज़र लगी है, दीदी,"
आणि खरंच एक लिंबू ठेवून आला पेटीवर.
तिसऱ्या दिवशी कळलं,
हात वर करणारे होते, मोजून घेणारा होता,
पण मधूनमधून
"अजून हवंय का?"
असं विचारणारंच कुणी नव्हतं.
आणि कुणी विचारलं नाही
की स्विच समजतो, उठून गेले असतील.

ते काम आमच्या पेटीला दिलं. एक ओळ.
घरी जाऊन बाबांना विचारलं, अजून वरण हवंय का.
ते चमकून बघत राहिले.

वॉर्ड पाच, खाट अकरा, मुंगीकाका,
दोन्ही डोळ्यांवर पट्टी.
एकतीस वर्षं सरवटे स्टँडवर गाड्या पुकारत होते.
"चित्र कशाला पाठवतेस बाई,
इथून ते आल्या पावली परत जातंय.
आवाज दे नुसता. मॅच असेल तर."
मग थोड्या वेळानं,
"आमचं बरं होतं. सगळ्यांना ओरडून सांगायचं,
महू, मानपूर, धामनोद.
ज्याची गाडी तो उठायचा.
बाकीचे झोपायचे."

मी चित्राचा क्रमांक गाळला, आवाजाचा ठेवला.
उशाशी एक छोटा स्पीकर, फडक्यात गुंडाळलेला,
शेजारच्याला त्रास नको म्हणून.
बिलात हे कुठे लिहावं कळेना.
"इतर" खाली शून्य रुपये टाकले.

आता दर दोन मिनिटांनी
जिन्याखालून प्रश्न निघतो
आणि खाट अकरावरून होकार जातो.
काकांना यातलं काहीच माहीत नाही.
ते झोपेत, तोंडातल्या तोंडात पुकारतात,
धामनोद, धामनोद,
आणि पलीकडच्या खाटेवरचा कुणी
पट्टी सावरत
उठून बसतो.