आवृत्ती फैजपूर, अंक पहिला आणि शेवटचा

आधी आम्ही केळीच्या खोक्यांची लेबलं छापायचो,
पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका,
आखाजीच्या झोक्यांसाठी वर्गणीची हँडबिलं.
मग कुणीतरी म्हणालं, पेपर छापून द्या ना,
खराखुरा, आठ कॉलमी,
फक्त बातम्या आमच्या.

तेव्हापासून या मशीनवर
जे कुठल्याच पेपरात येणार नाही ते येतं.
ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीने
पहिल्या पानावर तापीला पूर आणला, थेंबाथेंबाने.
सावद्याच्या लग्नात ताटागणिक एक अंक :
हवामान, वधूपक्षाकडे सायंकाळी तुरळक सरी.
बाजारभाव, जावयांचे दर चढे.
चौऱ्याण्णवची दहावी जुन्या वर्गात जमली
आणि बाकांवर बसून छोट्या जाहिराती वाचत हसली :
हरवली आहे, भंगाळे सरांची छडी.
सापडल्यास कृपया परत करू नये.

शाई तीच. कागद तोच,
बोटांना काळं लावणारा.

मार्चमध्ये दीपमाला आली,
सुपडू झोपेंची धाकटी, पुण्याहून, डोक्याला ओढणी गुंडाळून.
म्हणाली, बाबांनी सदतीस वर्षं पेपर टाकले,
त्यांचं नाव एकदाही छापून आलं नाही.
चार पानं करा. शंभर अंक.
अकरा वाजता हॉलमध्ये वाटू.

मी मथळा बसवला :
जळगावची गाडी आली नाही, हा भुसावळला गेला.
त्याखाली सायकल, तापीचा पूल, कॅरिअरला गठ्ठा,
आणि त्या दिवशीही साडेसहाच्या आत
गावाच्या हातात पेपर.
दुसऱ्या पानावर कुठल्या दारात कुत्रं,
कुठल्या दारात पहाटेच भांडण.
तिसऱ्यावर त्यांच्या वहीतली थकबाकी.
नावं गाळा, दीपमाला म्हणाली.
गाळली. आकडे राहू दिले.
चौथ्यावर शब्दकोडं, ते मी रात्री जागून केलं :
आडवे एक, अक्षरं तीन,
सगळ्यांच्या आधी पेपर हातात घेऊन
तो कधीच न वाचणारा.

पहाटे चारला स्टँडवर
नेहमीच्या खांबाशी गठ्ठा ठेवला.
ते आले. उकिडवे बसले.
सुतळी तोडली नाही, सोडवली, खिशात टाकली.
अंगठा जिभेला लावून मोजू लागले.
दीपमाला मोबाइल धरून उभी,
बाबा आता फोटो बघतील,
बाबा आता रडतील.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले.
"दोन कमी भरले मले."

आणि घड्या घातल्या, सायकलवर लादल्या, निघाले.

हॉल रिकामाच राहिला.
गावाने मात्र पावणेसातला चहाबरोबर उघडला अंक,
डॉक्टर पाचपांडे तर अग्रलेख शोधत बसले.
नऊला एक म्हातारी प्रेसच्या पायरीवर आली,
पदराच्या गाठीतून एकशे बारा रुपये काढून म्हणाली,
तिसऱ्या पानावरचा सातवा आकडा माझा आहे, बाप्पा.
आमचे हे गेले त्या महिन्याचा.

कमी भरलेले दोन :
एक माझ्या फायलीत आहे.
दुसऱ्याने मी मशीनचा रोलर पुसला होता,
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या बुधवारी नाक्यावर
मिरचीची भजी घेतली.
कागद ओळखीचा वाटला.
तेल पिऊन पारदर्शक झालेलं चौथं पान,
पलीकडून तिसऱ्यावरचे आकडे उलटे दिसत होते.
कोडं कुणीतरी पेन्सिलीने सोडवत आणलेलं,
उभे शब्द बरोबर, जवळजवळ सगळे.
फक्त आडवे एक.
तीन घरांत मावेना म्हणून
अक्षरं बारीक करत, समासात ढकलत
त्याने लिहिलं होतं :
पेपरवाला.