क्वचित

सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख
पिवळं, जाड, कडेला भुसा झालेलं.
एवढ्यासाठी कुणी दवाखान्यात जातं का, म्हणायचे.
पण गावच्या गरम पाण्याच्या हौदावर
ओकुमुरांनी एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं
आणि नजर फिरवली.
तेवढं पुरलं.

गोळी पांढरी, रोज एक, जेवणानंतर.
महिन्याने रक्त तपासा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
महिन्याने आमच्याकडे वाफाळता तांदूळ होता,
त्यावर कोजीची पूड भुरभुरायची होती,
दोन दिवस त्या खोलीला सोडून हलायचं नव्हतं.
रक्त राहिलं.
गोळ्यांसोबतचा कागद सोळा घड्यांचा;
तराजूचा एक पाय डुगडुगत होता,
त्याखाली नेमका बसला.

आमचं घर बुरशीवर जगतं.
कोजीच्या खोलीत शिरताना सासरे वाकतात,
दार बुटकं आहे म्हणून,
आणि नुसतं तेवढ्यासाठी नाही.
तांदळावर पांढरी लव चढली की
तान्ह्या बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात फिरवतात.
आणि पोटात रोज एक गोळी, बुरशीला मारणारी.
मी हसले होते एकदा यावर.
तेवढंच.

फेब्रुवारीत तीन वर्षांच्या मिसोचं पिंप उघडलं.
त्यांनी लाकडी चमचा तोंडात धरला, बराच वेळ.
मग चमचाच उलटसुलट करून पाहिला,
जणू खोट लाकडात होती.
"चिझुरु, तू चाख."
अठरा वर्षांत पहिल्यांदा.
मी म्हणाले, आधी खारट, मागून गोड,
शेवटी जरा अक्रोडाच्या सालीसारखं.
ते मान हलवत राहिले,
ऐकू न येणारा माणूस गाण्याला हलवतो तशी.

त्या रात्री तराजूखालचा कागद काढला, भिंगाने वाचला.
चव बदलणे किंवा जाणे: क्वचित.
यकृताला गंभीर इजा: अत्यंत क्वचित.
"क्वचित म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.
मी कागदाच्या घड्या घालत होते.
त्या पुन्हा तशा पडेनात.

गोळ्या त्याच रात्री बंद केल्या. उशीर झाला होता.
दहाव्या दिवशी डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं.
लघवी पिंपाच्या तळाशी साचणाऱ्या रसासारखी काळी,
हे त्यांनी मला नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं,
तेही पाठ फिरवून.

मात्सुमोतोच्या इस्पितळात एकवीस दिवस.
दारू? बेताची. रानातली अळंबी? नाही.
मग नखाचं निघालं.
लिहिणारी पोरगी लिहायची थांबली.
"नखासाठी," सासरे म्हणाले,
आणि पायावर चादर ओढून घेतली.

आता ऑक्टोबर. डोळे निवळलेत.
नख नवं आलंय, गुलाबी, पातळ,
शाळकरी मुलाचं असावं तसं.
हौदावर ते पाय मुद्दाम काठावर ठेवतात,
ओकुमुरांच्या अगदी समोर.
जिभेचं मात्र सांगता येत नाही.
कधी मीठ येतं, लांबून हाक यावी तसं,
गोड अजून आलेलं नाही.

पिंपं आता मी चाखते.
ते शेजारी उभे राहून माझ्या भुवया बघतात.
काल मी म्हणाले, झालंय, काढूया.
त्यांनी मिसोवर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"अजून नाही."
मी पुन्हा चाखलं.
मला तर झालेलंच वाटलं.

झाकण परत लावलं आम्ही.
त्यावर नदीतले दगड, एकेक,
आधी मोठे.