उंदीरमारी

पुस्तकातली छाती जमिनीपासून एक मीटर सदतीस.
माझ्या ती हनुवटीला लागते.
त्यामुळे झाडाचा घेर घेताना
मी जरा मान वर करून असते.
लोकांना वाटतं, तोरा.

टेकडीच्या फाटकाशी आज आम्ही नऊजण.
पानशेतकडचा मरगळे, ज्याला वणव्याचा वास
धूर दिसायच्या आधी येतो.
रोपवाटिकेतला आतार, खिशात कायम मेडशिंगीच्या बिया.
वैजयंता, जिने मागच्या मार्चात जाळरेषा काढताना
टिटवीच्या चार अंड्यांसाठी रेषाच वाकवली
आणि नकाशावरही वाकडीच दाखवली.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो.
कुणाचा हुकूम नाही. चहा ज्याच्या त्याच्या थर्मासातला.
एकमेकांची जंगलं बघायची,
चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं, एवढंच.

आज माझी टेकडी.

खाणीच्या कडेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत
उंदीरमारीच उंदीरमारी.
फेब्रुवारीत गुलाबी होते, अख्खं कोथरूड फोटो काढायला वर येतं.
खाली गवताची काडी नाही.
पक्षी डोकावतात आणि जातात,
रिकाम्या खानावळीतून गिऱ्हाईक फिरावं तसे.

फिरायला आलेले चौघे थांबले.
"झाडं तोडणार? तुम्ही? तुम्हीच?"
एका बाईंनी खोडाला हात लावला, मिठी मारायच्या बेतात.
मला पत्र दाखवता आलं असतं.
आतारनं सुरुवात केली, कुसळी, चंडोल, पाणी मुरणं…
त्यांनी फोन वर धरला.

तेव्हा कोंढाळकर पुढे झाले.
ऐंशी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा.
"ही मीच लावली," म्हणाले. "त्र्याऐंशी साली.
नुसता मुरूम होता. पहारीतून ठिणग्या निघायच्या.
साहेबाला हवं होतं हिरवं. लवकर हिरवं.
गऊबाई सणस डोक्यावरून पाणी आणायची, दिवसाला चौदा खेपा.
जगतील अशीच लावली. जगली.
मग बाकी कशाला जगू देईनात."

थांबले. दम लागला होता, की आणखी काही.
"गवत म्हणजे आम्हाला पडीक वाटायचं.
रकान्यातच तसं छापलेलं असायचं."

हातोडा माझ्या नावावर आहे.
रजिस्टरात सही, हरवला तर चौकशी,
दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.
मी दिला.

साल तासली. आतलं पांढरं, ओलं.
त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि मारला.
आवाज लहानसाच झाला.
नंबर एक. घेर चौऱ्याहत्तर.

यंदा दहातली तीनच काढायची.
मरगळे म्हणतो, एकदम उघडं पडलं तर घाणेरी घुसेल.
तीन काढा, दोन पावसाळे थांबा,
काय उगवतंय बघा, मग पुढचं बोला.
'थांबा' हे पत्रात कुठे नव्हतं.
मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

तिघे गेले. बाई मात्र राहिल्या.
टेपचं दुसरं टोक धरलं त्यांनी,
पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं,
पण टोक घट्ट धरलं.
खाली पौड रोड कधीचा हॉर्न वाजवत होता.

एकेचाळिसाव्या झाडापाशी कोंढाळकर बराच वेळ उभे.
खोड वाकडं, घेरात बसणारं, काढायच्याच यादीतलं.
हातोडा त्यांनी मला परत दिला.
"हे गऊबाईच्या वाटेवरचं," म्हणाले,
आणि पुढच्या झाडाकडे निघाले.

वगळण्याचं कारण, असा एक रकाना असतो.
मी लिहिलं: ढोली.
ढोली नव्हती.

वैजयंतानं पाहिलं ते.
पुढच्या शनिवारी तोंडावर सांगेल.
सांगावंच.